आठवा ठिपका

नवं मशीन जीपमधून उतरवलं, तेव्हा वीरभद्रानं कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न केला तो अक्षरांबद्दल.

"जुनं सगळं यावर चालेल ना? आमच्या मराठी पावत्या?"

"सगळं चालेल," पुण्याहून आलेला तो तरुण म्हणाला. "हे त्याच्यापेक्षा कितीतरी पुढचं मशीन आहे. पुढच्याला मागचं यायलाच पाहिजे."

वीरभद्राला ते पटलं. न पटून करतो काय? जुना कॉम्प्युटर दिवसाआड रुसून बसत होता, आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती.

साल सत्त्याऐंशी. दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि तिसऱ्याचं काही खरं दिसत नव्हतं. धाराशिवच्या दूध संघाच्या आवारात गावोगावचे टेंपो येत ते रिकाम्या कॅन खडखडवत. पण नव्या कॉम्प्युटरची मंजुरी सुकाळात झालेली होती. मशीन तेवढं दुष्काळात आलं. काचेच्या खोलीत चपला बाहेर काढून ते नेऊन ठेवलं, अण्णाराव मॅनेजरांनी नारळ फोडला, आणि संघातली सगळी माणसं पूजेच्या निमित्तानं थंड हवेत जरा वेळ उभी राहून गेली.

वीरभद्र हा त्या खोलीचा एकटा मालक. सोलापूरला पॉलिटेक्निक करून तो संघात लागला, तेव्हा जुना कॉम्प्युटर नुकताच आला होता. कपाटाएवढं धूड आणि जेवायच्या ताटलीएवढ्या त्याच्या फ्लॉप्या. त्याला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. दूध घालणाऱ्या बायकांच्या हातात इंग्रजी पावत्या पडायच्या आणि गावच्या दूध केंद्राच्या सेक्रेटरीनं सांगितलं तेच त्यांच्यासाठी खरं. वीरभद्रानं छपाईच्या मशीनचा नाद धरला. त्याच्या तोंडात एकाखाली एक आठ सुया होत्या. कोणती सुई कधी मारायची हे सांगता आलं, तर कागदावर ठिपक्यांनी काय वाट्टेल ते उमटवता येतं हे त्याला उमगलं. आठ-आठ ठिपक्यांच्या तीन पट्ट्या एकाखाली एक लावल्या की एक ओळ. वरच्या पट्टीत वेलांट्या आणि मात्रा, मधल्या पट्टीत अक्षर, खालच्या पट्टीत उकार. प्रोग्राम जमला. अक्षरं मात्र पहिलीतल्या पोरानं पाटीवर गिरवावीत तशी झाली.

तेव्हा तो वडलांकडं गेला.

चन्नबसप्पा पेंटर म्हणजे जळकोटातलं मोठं नाव. हायवेवरच्या हॉटेलांच्या, पंक्चरच्या दुकानांच्या, सोसायट्यांच्या पाट्या सगळ्या त्यांच्या हातच्या. मुलाचं बोलणं ऐकून ते हसले. "ठिपक्याची रांगोळी असती रं ईरू. अक्षर कुठं असतं व्हय?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच चौकटीचा कागद मागितला. तो अख्खा हिवाळा बापलेकांनी ठिपक्यांत घालवला. 'ळ'वरून दोघांत असं वाजलं की मल्लम्मा, म्हणजे वीरभद्राची बायको, मध्ये पडून म्हणाली, अहो, एका अक्षरापायी जेवण कशाला सोडता. शेवटी अक्षरं उभी राहिली. गोल, भरदार, पाटीवरच्यासारखी. चन्नबसप्पांचा 'क' पोट पुढं काढून उभा असायचा, तो पावतीवर तसाच उभा राहिला.

पावत्या मराठीत गेल्या त्याला आता चार वर्षं होत आली होती. मधल्या काळात चन्नबसप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. सोलापूरला ऑपरेशन केलं, त्याचा गुण आला नाही. त्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळायची. आई वारल्यावर वीरभद्रानं त्यांना धाराशिवला आणलं. संध्याकाळी तो घरी आला की ते त्याच्या खिशातली एखादी पावती काढून घेत, कागदावर अंगठा फिरवत आणि म्हणत, "आज शाईची फीत नवी दिसती. ठसा खोल आलाय."

कंपनीचा माणूस कामाला लागला. ताटलीएवढी फ्लॉपी नव्या मशीनच्या फटीत जाणं शक्यच नव्हतं. त्यानं दोन्ही मशीनच्या पाठीला एक तार जोडली, नव्या मशीनच्या व्यवस्थेला, जिला तो डॉस म्हणायचा, काही आज्ञा दिल्या आणि जुन्यातलं सगळं तारेतून नव्यात ओढून घेतलं. केंद्रांची नावं आली, सभासदांचे नंबर आले, लिटर आणि फॅटचे आकडे आले. पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसत होतं. अण्णारावांची सही घेऊन तो दुपारच्या एसटीनं पुण्याला गेला.

पण आलेले प्रोग्राम नव्या मशीनला कळेनात. जुन्याचा मेंदू वेगळा होता. वीरभद्र सोलापूरला पॉलिटेक्निकच्या मित्राकडं गेला आणि नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्राम घेऊन आला. तो चढवला आणि पडद्यावर जुना, ओळखीचा मथळा उमटला तेव्हा वीरभद्राच्या तोंडून 'आलं!' असं मोठ्यानं निघालं. बाहेर बसलेला शिपाई धावत आत आला. सोंग हळू होतं, एकेक ओळ दमून दमून पुढं सरकत होती, पण चालत होतं. त्यानं सोनारी गावची पहिली पावती छापायला सोडली.

छपाई संपली. त्यानं कागद फाडून हातात घेतला.

अक्षरांवर रेघ नव्हती. एकाही अक्षरावर नव्हती. काने सुटे उभे, वेलांट्यांचे शेंडे छाटलेले, उकार धडापासून तुटलेले. घराचं आढं काढून न्यावं आणि नुसत्या भिंती राहाव्यात, तसं सगळं दिसत होतं.

दोन दिवस डोकं फोडल्यावर त्याला कारण सापडलं. इंग्रजीचं कुठलंही अक्षर तारेतून पाठवायला सात खुणा पुरतात. त्यामुळं तारेवर साताचीच रीत लावलेली होती. सगळीकडं असते तशीच. इंग्रजी नावं, आकडे, प्रोग्रामची लिखावट, सगळं सातात बसलं, म्हणून कुणालाच काही कमी पडल्याचं दिसलं नाही. आप्पांची, म्हणजे वडलांची, अक्षरं तेवढी आठाची होती, ठिपक्याला एक खूण. प्रत्येक पट्टीतला सगळ्यात वरचा ठिपका, आठवा, तारेच्या अलीकडंच गळून पडला होता.

इथवर काही बिघडलं नव्हतं. तार आठाची करायची आणि जुन्यातून अक्षरं परत ओढायची, एवढंच काम होतं. वीरभद्रानं सकाळी जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतून घरघर आली, फ्लॉपी फिरवणारी मोटर दोन आचके देऊन थांबली आणि जळक्या वार्निशचा वास खोलीभर झाला.

मग त्याची वणवण सुरू झाली. सोलापूरच्या दुकानदारांनी ती फ्लॉपी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि परत दिली. पुण्याला त्यानं गल्लीबोळातली दुकानं पालथी घातली. एकाकडं त्याच मापाची फ्लॉपी वाचायचा डबा निघाला. दुकानदारानं फ्लॉपी आत सारली, वाट बघितली आणि मान हलवली. "माप तेच आहे हो. पण प्रत्येक कंपनीची लिहायची तऱ्हा वेगळी असायची. याला तुमची वाचता येत नाही." ज्या तरुणानं तार जोडली होती त्यालाही तो जाऊन भेटला. तरुण ओशाळला, चहा पाजला, म्हणाला, "मराठीचं मला कुणी बोललंच नाही," आणि मग आपलंच बोलणं आठवून कपबशा गोळा करायला लागला.

उरलेल्या सातांवरून आठवा ठिपका कुठं होता आणि कुठं नव्हता हे ओळखता येत नव्हतं. जुन्या छापील पावत्या होत्या. पण त्यांच्यावर शाई पसरून ठिपक्यात ठिपका मिसळला होता. भिंगातून पाहिलं की नुसते डाग. शिवाय जोडाक्षरांचे तुकडे त्यानं सुटे करून ठेवले होते, ते कागदावर सुटे कधी आलेच नव्हते. चौकटीचे मूळ कागद घर बदलताना कधीच रद्दीत गेले होते.

घरी येऊन त्यानं वडलांना सगळं सांगितलं. चन्नबसप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मल्लम्मा, वाटीभर पाणी दे बरं."

"प्यायला का, मामा?"

"न्हाय. लिवायला."

टँकर दोन दिवसांत आला नव्हता. तरी तिनं रांजणाच्या तळातलं पाणी वाटीत आणून दिलं. चन्नबसप्पांनी तर्जनी बुडवली आणि शहाबादी फरशीवर हातभर उंचीचा 'अ' काढला. डोळे छताकडं होते, हात मात्र फरशीवर असा फिरला की वीरभद्र बघतच राहिला. "बघत काय बसलास? वाळायच्या आत घे."

फरशी तापलेली असायची. पाण्याची रेघ टोकाकडून उडत यायची. वीरभद्र चौकटीच्या कागदावर घाईघाईनं ठिपके भरायचा, चुकला की म्हणायचा, "आप्पा, परत." आप्पा परत काढायचे. 'भ'ची रेघ कुठं तुटते, 'ध'च्या डोक्यावर केवढी मोकळी जागा सोडायची, 'रु'चा उकार कमरेला लागतो की पायाला, हे त्यांच्या बोटांना सगळं ठाऊक होतं. दिवसभर भिंतीला टेकून बसणारा माणूस संध्याकाळची वाट बघायला लागला. ताटात वाढलेलं सगळं संपवायला लागला. मल्लम्मा एकदा हळूच म्हणाली, "अत्याबाई गेल्यापासनं मामा पयल्यांदा हसले आज."

आषाढ कोरडा गेला. पावत्या मात्र कुणासाठी थांबत नव्हत्या. त्या हातानं लिहायला लावल्या तर गावांना उशीर व्हायला लागला. अण्णारावांनी वीरभद्राला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. मराठी पावत्यांचं कौतुक बाहेरच्या संघांतून आलेल्या पाहुण्यांना तेच सांगायचे.

"वीरभद्र, तुझं ते सोंग एका गावाला किती वेळ घेतंय रे?"

"हळू आहे साहेब. पण अक्षरं पुरी झाली की..."

"निम्मी झालीत म्हणालास."

"निम्म्याच्या वर झालीत."

"आन् झाल्यावर मशीन पळायला लागंल का?"

पळणार नव्हतं. जुन्याचं सोंग घेऊन ते कधीच पळणार नव्हतं.

"गावोगावचे लोक दारात येऊन बसायलेत," अण्णाराव म्हणाले. "दूध आधीच आटलंय. त्यात पावती येळेवर न्हाय मिळाली तर हायेत ते बी खासगीवाल्याकडं जातील. कंपनीचा नवा प्रोग्राम हाय ना मशीनमधी? इंग्रजी का असंना. तो लाव. नागपंचमीपासनं तेच चालू दे."

"साहेब, बायकांना वाचता येणार नाही."

"मला ठाव हाय. म्या काय करू सांग."

नागपंचमीला वीरभद्रानं कंपनीचा प्रोग्राम लावला. मशीन सुसाट पळालं. त्या दिवशी सगळ्या केंद्रांच्या पावत्या जेवणाच्या सुट्टीआधी छापून झाल्या.

घरी गेला तर आप्पा वाटी घेऊन बसलेले. "आज 'ष' घेऊ. पोटफोड्या 'ष'." वीरभद्र पेन्सिल घेऊन समोर बसला. उद्या सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं.

पोळ्याच्या सुमाराला सोनारीची मुक्ताबाई संघात आली. सोनारीच्या केंद्रावर पूर्वी एका मीटिंगला गेला असताना वीरभद्राला ती भेटली होती. एका म्हशीवर संसार करणारी विधवा. पावतीवर बोट ठेवून तिनं त्याला स्वतःचं नाव मोठ्या झोकात वाचून दाखवलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला तेवढीच अक्षरं येत होती, आणि ती तिला त्या पावतीनंच शिकवली होती. आता ती परांड्याहून एसटी बदलत आली होती आणि काचेच्या खोलीबाहेर उन्हात बसून होती.

"साहेब, ह्यात माझं नाव कुठाय?"

त्यानं बोट ठेवलं. "हे बघा मावशी."

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "ही तर मुंग्याची वळ. महारुद्र सेक्रेटरी म्हणतो तुझीच हाय. फॅट बी कमी लावलंय. दुसऱ्याची माझ्या गळ्यात घातली का काय, मला काय कळंल?"

वीरभद्रानं नंबर पडताळला. पावती तिचीच होती. "वाळला कडबा खाऊन फॅट उतरतं मावशी. सगळ्यांचंच उतरलंय. महारुद्र खोटं बोलत नाही."

"तुमी बी खरंच बोलत असाल," ती म्हणाली. "पर आधी कुणाला इचारावं लागत नव्हतं. म्या माझी वाचत हुते."

तिनं पावतीची घडी घातली, पदराच्या गाठीत बांधली आणि उठली. वीरभद्र तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. मराठी पुन्हा येईल का, असं ती विचारेल आणि आपण काय सांगायचं, हे तो चालताना जुळवत होता. तिनं विचारलं नाही.

त्या संध्याकाळीही तो आप्पांसमोर बसला. त्यानंतरच्याही. आता नुसतीच अक्षरं भरत होती. ती कुठंही जाणार नव्हती. कधी कधी आप्पांची रेघ वाळून जायची आणि वीरभद्र कागदाकडं बघतच बसलेला असायचा. आप्पा विचारायचे, "घेतलास का?" तो म्हणायचा, "घेतलं." मल्लम्माला त्यानं सांगितलं होतं. ती पाण्याची वाटी आणून ठेवायची आणि दोघांकडंही न बघता आत जायची. एकदा स्वयंपाकघरात ती म्हणाली, "सांगून टाका की. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर?"

"जेवतात तरी सध्या," वीरभद्र म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी चन्नबसप्पांनी 'ज्ञ' काढला. पुसला, पुन्हा काढला. मग वाटीतलं उरलेलं पाणी चाचपून कुंडीतल्या तुळशीला ओतलं.

"झालं बघ," ते म्हणाले. "उद्या मशीनची पूजा करशील न्हाय? त्येच्यावर पयली पावती काढ आन् माझ्या हातात आणून दे. मुक्ताबाई का कोण म्हणालास सोनारीची, तिच्याच नावाची काढ."

वीरभद्राच्या हातातली पेन्सिल थांबली. त्याला वाटलं, एक पावती सोंग लावून काढता येईल. आणून हातात देता येईल. पण मग परवा? आणि दहा दिवसांनी पुढची पावती निघेल तेव्हा?

"आप्पा," तो म्हणाला, "ते मशीन आता इंग्रजीतच छापतं."

"अजून आपली अक्षरं चढवली न्हाईस म्हणून."

"न्हाय. साहेबांनी बंद केलं. आता मराठी व्हायची न्हाय."

चन्नबसप्पांनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली. "कवापासनं?"

"नागपंचमीपासनं."

ते मनाशी काहीतरी मोजत असावेत. ओठ हलले. "म्हंजे 'ष'च्या आधी," ते म्हणाले.

"आप्पा, तुमचं मन रमत होतं म्हणून..."

"मला पोरासारखं खेळायला बसवलंस व्हय रं, ईरू?" आवाज चढला नाही. चढला असता तर वीरभद्राला बरं वाटलं असतं. "पाट्या बंद झाल्या तवा म्या म्हणलं, ठीक हाय, डोळे गेले. ह्ये काम हुतं म्हणून उठत हुतो. काम न्हाय हे सांगायचं तरी हुतंस."

मल्लम्मा दारात येऊन उभी राहिली. वीरभद्र वडलांचे पाय धरायला वाकला, तेव्हा त्यांनी पाय आखडून घेतले. रागानं नव्हे, दमलेल्या माणसासारखे. त्या रात्री ते जेवले नाहीत. दसऱ्याला सोनं द्यायला शेजारचे आले त्यांच्याशी दोन शब्द बोलले. आणि सण संपल्यावर मल्लम्माला म्हणाले, "मला जळकोटला शांतलिंगाकडं पाठवून दे."

थोरला शांतलिंग येऊन त्यांना घेऊन गेला. निघताना चौकटीच्या कागदांचा गठ्ठा वीरभद्रानं त्यांच्या पिशवीत घालायला आणला. "त्येचं म्या काय करू," ते म्हणाले, आणि एसटीची पायरी पायानं चाचपत वर चढले.

परतीचा पाऊसही आला नाही. दिवाळीच्या आधी परांड्याकडचा टेंपो बंद झाला. सोनारीच्या महारुद्रानं चिठ्ठी पाठवली की केंद्रावर येणारं दूध आता चहापुरतं उरलं आहे, बहुतेकांनी जनावरं छावणीत नेली, काहींनी बाजार दाखवला, मुक्ताबाईची म्हैस त्यातच गेली. तरी केंद्र बंद समजावं. अण्णारावांनी चिठ्ठीवर 'नावे कमी करावीत' असं लिहून ती काचेच्या खोलीत पाठवली. वीरभद्रानं मशीनवर सोनारी काढलं. खात्री आहे का, असं मशीननं इंग्रजीत विचारलं. त्यानं हो म्हटलं. एका दमात सगळी नावं गेली. मग तशाच आणखी गावांच्या चिठ्ठ्या येत राहिल्या, आणि तेवढं काम मात्र नव्या कॉम्प्युटरनं कधीही न अडखळता केलं. जुनं धूड त्याच सुमारास भंगारवाल्यानं वजनावर उचललं.

मार्गशीर्षात वीरभद्र जळकोटला गेला. हायवेला एसटीतून उतरला तेव्हा ऊन चढलं होतं. शांतलिंगाच्या ओट्यावर आप्पा भिंतीला पाठ लावून बसले होते, हात मांडीवर पालथे. तो पाया पडला.

"कोण? ईरू?"

"व्हय आप्पा."

"मल्लम्मा बरी हाय?"

"बरी हाय."

"पाणी येतंय का तिकडं?"

"आठ दिसाला टँकर येतो."

"हितं बी तसंच हाय," चन्नबसप्पा म्हणाले.

वीरभद्र त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकला. समोरून एक ट्रक गेला, मग बराच वेळ काहीच गेलं नाही. वहिनीनं चहा आणून दिला, तो दोघांनी प्याला. आप्पांनी एकदाही मान वळवली नाही. तीनची गाडी लांबून दिसली तशी तो उठला, पुन्हा पाया पडला आणि म्हणाला, "येतो आप्पा."

"ये," ते म्हणाले.